खडखडणाऱ्या सायकलीची वाटणी

मी, खाली सही करणार, वय वर्षे सहासष्ट, धंदा सोफे व गाद्या दुरुस्त करणे, राहणार चढाच्या पायथ्याशी दुकानामागच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, कान ठीक आहेत, गुडघे कामातून गेले आहेत. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. उलट वकीलबाई म्हणतात की एवढं लांबण लावायची गरज नाही, दोन पानांत काम होईल. पण मला जे सांगायचं आहे ते तोंडाने सांगायची माझी छाती होत नाही, म्हणून ते इथे लिहितो. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

१. घर. दोन्ही खोल्या, पुढचे दुकान आणि बँकेत जी शिल्लक असेल ती माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावी. तिने घर ठेवावे वा विकावे, तिची मर्जी. मागच्या खोलीचं छप्पर एका कोपऱ्यात गळतं. तिथे मी वरून पांढरा रंग मारून ठेवला आहे. विकलंच तर घेणाऱ्याला तिने ते दाखवावं. तिची आई गेल्यावर तिने मला वरण-भातापासून सगळा स्वयंपाक शिकवला, त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, अक्षर बिघडतं.

२. हत्यारं. हातोड्या, वाकड्या सुया, पट्टे ताणायची फळी, दोन्ही शिलाई मशिनं आणि उरलेलं सगळं रेक्झिन व फोम माझ्याकडे काम करणाऱ्या बाईंना मिळावं. त्यांना सगळे ‘खिळा’ म्हणतात, कारण काम करताना खिळे तोंडात धरतात आणि तशाच बोलतात. त्यांचा हात माझ्यापेक्षा साफ आहे. हे मी त्यांना कधी म्हटलं नाही, पगारवाढ मागतील म्हणून.

३. शिडी. शेजारच्या चष्मेवाल्याकडे माझी शिडी आहे. तो म्हणतो त्याची आहे. माझी आहे, तिसऱ्या पायरीला माझ्या हातचं रेक्झिन गुंडाळलेलं आहे, कोणीही जाऊन बघावं. आता ती त्याच्याकडेच राहू द्यावी, पण ‘दिली’ असं त्याला स्पष्ट सांगावं.

४. पितळी कप. पुढच्या खोलीत कपाटावर आहे. त्यावर ‘ज्येष्ठांतला वाघ’ असं कोरलं आहे. मी या वयात सायकलने चढ चढतो म्हणून चढावरच्या बागेत सकाळी व्यायामाला जमणाऱ्या मंडळींनी तो मला दिला. त्यांना परत करावा. कारण पुढच्या कलमात येईल. ते त्यांना वाचून दाखवायला माझी हरकत नाही, कारण तेव्हा मी तिथे नसेन.

५. सायकल. (हे कलम खोडलेलं आहे, पण वाचता येईल असं खोडलं आहे. पाहा कलम ६.)

ही सायकल मी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका माणसाकडून जुनी विकत घेतली. त्याने ती घरीच बनवली होती. मागच्या चाकात मोटर, कॅरिअरवर लाकडी खोक्यात बॅटरी, खोक्यातून निघालेल्या वायरी चिकटपट्टीने दांडीला बांधलेल्या. दिसायला अगदी ध्यान. खोक्यावर त्याने लाल रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘विजेवर चालते’. मी गुडघ्यांसाठी घेतली. त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं.

माझा थोरला भाऊ चढाच्या माथ्यावर राहतो. मी त्याला दादा म्हणतो. तो उभा जन्म पोस्टमन होता आणि टपालाची पिशवी घेऊन तो चढ रोज सायकलवर चढायचा. मी लहानपणी छातीने अधू. शाळेला जाताना त्याच्या कॅरिअरवर बसायचो. चढावर तो उभा राहून पायडल मारायचा आणि मी त्याचा सदरा मुठीत धरायचो. ‘जरा खाली उतर’ असं तो मला कधीही म्हणाला नाही.

सायकल घेतली त्या दिवशी आभाळ आलं होतं म्हणून खोक्यावर रेक्झिनचा तुकडा टाकला आणि दादाकडे गेलो. तो फाटकात उभा होता. म्हणाला, “अरे, न उतरता चढलास? तू?” त्याच्या चेहऱ्यावर एवढं कौतुक होतं की मी “हो” म्हणून बसलो. दुसऱ्या दिवशी खरं सांगू असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी त्याने शेजाऱ्यांना बोलावून ठेवलं होतं.

त्यानंतर मी सायकलीत सुधारणा केल्या. आत काथ्या असो, मोडकी स्प्रिंग असो, वरून कापड गुळगुळीत दिसलं पाहिजे, हा माझा धंदाच. लाकडी खोकं काढून टाकलं. बॅटरी एका बाजूच्या पिशवीत घातली आणि ती सामानाची पिशवी वाटावी म्हणून वरून एक गाजराची जुडी कायम बाहेर काढून ठेवली. दोन्ही पिशव्या अशा बेतल्या की चाकातली मोटर झाकली जावी. वायरी दांडीच्या आतून ओढल्या. मुठीवरचा खटका काढला आणि पायडलपाशी एक चकती बसवून घेतली. पाय नुसते फिरवले की मोटर जोर लावते. चालू-बंद करायचं बटण सीटखाली. एवढं करूनही मोटर चढावर बारीक आवाज करायची. तो ऐकू येऊ नये म्हणून मी मागचा मडगार्ड मुद्दाम ढिला केला. सायकल अशी खडखडायची की कुत्री बाजूला व्हायची. खिळाबाई म्हणाल्या, “काका, लोक सायकल दुरुस्त करतात, तुम्ही बिघडवताय.” मी त्यांना गिऱ्हाइकाकडे पिटाळलं.

दादाच्या गल्लीच्या तोंडाशी मी उतरायचो, बाटलीतलं पाणी कपाळाला लावायचो आणि धापा टाकत आत जायचो. धापा मला फार छान जमायला लागल्या. वहिनी लगबगीने पाणी आणायच्या.

गेल्या वर्षी दादाने माळ्यावरून त्याची जुनी सायकल खाली काढली. साखळीला तेल घातलं, टायर बदलले. म्हणाला, “तू चढतोस तर मला काय धाड भरलीय?” मी म्हणालो, “जपून हं, दादा.” एवढंच म्हणालो. तोंडात खरं आलं होतं, पण बाहेर पडलं नाही. तो पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर पडला. हृदयाचा झटका. लोकांनी टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. मी दवाखान्यात पोचलो ते त्याच सायकलवरून.

शुद्धीवर आल्यावर तो मला म्हणाला, “लेका, तू मला मागे टाकलंस. कॅरिअरवर बसायचास, आठवतं?” त्याने माझा हात धरला होता. मला माझ्या त्या हाताची शिसारी आली. तेव्हा सांगायला हवं होतं. डॉक्टर म्हणाले होते की त्याला धक्का बसेल असं काही बोलू नका, आणि मी ते निमित्त झेललं.

अजून एक लिहायचं आहे, ते लिहिताना सगळ्यात जड जातं. वहिनी आता औषधं आणि भाजी आणायला त्यांच्या स्वतःच्या लहान सायकलने खाली येतात. उतार बसून येतात, चढ ढकलत नेतात. हँडलला पिशव्या, पदर खोचलेला. मी त्यांना त्या वळणावर कितीतरी वेळा ओलांडून गेलो आहे. प्रत्येक वेळी त्या बाजूला होत म्हणायच्या, “तुम्ही व्हा पुढे भावजी, तुमची लय तुटेल.” आणि मी धापा टाकत पुढे गेलो आहे. पिशव्या घेतल्या तर वजनाने मोटरचा आवाज वाढेल, अशी भीती मला वाटायची.

दादा आता काठी घेऊन घरात फिरतो. परवा मी गेलो तर तो खडखडाट ऐकून बाहेर आला आणि टपालखात्यातला त्याचा पाना माझ्या हातात ठेवला. “मडगार्ड आवळ रे. मला कधीचं सहन होत नाही. मीच आवळला असता, वाकवत नाही.” पाना खिशात घालून मी खडखडत खाली आलो. पण निघताना त्याची सायकल भिंतीला टेकलेली दिसली. दोन्ही चाकांत हवा भरलेली होती. वहिनी दबक्या आवाजात म्हणाल्या, “पुढच्या महिन्यात पुन्हा चढावर जायचं म्हणतायत. डॉक्टरांचं ऐकत नाहीत. म्हणतात, धाकटा चढतो.”

म्हणून ही सायकल मी दादाला देत आहे. मी गेल्यावर वकीलबाईंनी हे कलम त्याला वाचून दाखवावं. सीटखालचं बटण त्याला दाखवावं. त्याने मला माफ करावं अशी माझी मागणी नाही.

६. कलम ५ लिहून मी वकीलबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, “काका, मृत्युपत्र तुमच्या मागे वाचतात. ते पुढच्या महिन्यात चढावर निघालेत. ते तुमच्या आधी गेले तर मी हे कुणाला वाचून दाखवू?”

मी कागद उचलले आणि तिथूनच दादाकडे गेलो. सायकल हातात धरून, ढकलत. मोटर बंद. टाकीच्या वळणावर दोनदा बसलो. फाटकाशी पोचलो तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता. वहिनी पाणी घेऊन आल्या, ते मी घेतलं नाही.

कलम ५ मी त्या दोघांसमोर मोठ्याने वाचलं. दादा खुर्चीत बसून ऐकत होता. वाचून झाल्यावर म्हणाला, “मागचं चाक उचल.” मी उचललं. त्याने काठी बाजूला ठेवली, सीटखाली चाचपून बटण दाबलं आणि पायडल एका बोटाने फिरवलं. चाक घरघरत सुटलं. तो बघत राहिला. मडगार्ड खडखडत होता.

“हा आवाज त्याच्यासाठी?”

“हो.”

“आणि मी तुला पाना दिला.”

“हो.”

“हे मला तू मेल्यावर कळणार होतं?”

“हो, दादा.”

“म्हणजे मी भांडायचं ते कुणाशी? फोटोशी?”

लहानपणी तो रागावला की मी रडायचो आणि तो गप्प व्हायचा. त्या दिवशीही मला रडू आलं. पण यावेळी तो गप्प झाला नाही. जे बोलला ते सगळं मला लागू होतं आणि ते इथे लिहिलं तर वकीलबाई शिक्का मारणार नाहीत. वहिनी दारात उभ्या होत्या. नुसतं माझ्या पिशवीतल्या गाजरांकडे बघत होत्या.

शेवटी दादा दमला. मग म्हणाला, “मला नको ती सायकल. सही कुठं करायचीय? साक्षीदार म्हणून.”

मी म्हणालो, “वकीलबाई म्हणाल्यात, ज्याला वाटणी मिळते त्याने साक्षीदार होऊ नये.”

“मग वाटणी खोड.”

त्याच्यासमोर मी कलम ५ वर रेघ मारली. तो म्हणाला, वाचता येईल अशी मार, म्हणून तशी मारली.

तेव्हा वहिनी पहिल्यांदा बोलल्या. “मला द्या. आत्ता. तुम्ही मरायची वाट कोण बघतंय? आणि आधी तो मडगार्ड आवळा.”

मी खिशातला पाना काढून मडगार्ड आवळला. दोन्ही पिशव्या उसवून काढल्या. बॅटरीला पुन्हा लाकडी खोकं करून देईन आणि त्यावर लाल रंगाने पूर्वीचीच अक्षरं घालीन. सायकल त्या दिवसापासून वहिनींची आहे, त्यामुळे ती या मृत्युपत्रात मोडत नाही. त्यांच्यासाठी सूचना : बॅटरी पूर्ण उतरू देऊ नये, निजताना चार्जिंगला लावून ठेवू नये, पुढचा ब्रेक एकटा दाबू नये. पितळी कपही मी स्वतःच परत करणार आहे, येत्या रविवारी, बागेत, सगळ्यांसमोर. कलम ४ रद्द समजावे. पाना दादाने परत मागून घेतला.

त्याच्या जुन्या सायकलच्या दोन्ही चाकांतली हवा त्याने स्वतःच्या हाताने सोडली. मी निघालो तेव्हा तो फाटकापर्यंत आला. तोंड दुसरीकडे करून म्हणाला, “उद्यापासून यायचं ते चालत यायचं. रोज. आणि धापा खऱ्या लागल्या पाहिजेत.”

वरील सर्व मजकूर मी लिहिला, आज वकीलबाईंना दादाच्या घरी बोलावून दोघा साक्षीदारांसमोर वाचला व सही केली. त्यांनीही माझ्यासमोर व एकमेकांसमोर सही केली.

स्थळ : दादाच्या घरची बाहेरची खोली
दिनांक : ११ मार्च, मंगळवार

मृत्युपत्र करणार : (सही) सोफे-गाद्यावाला, धाकटा भाऊ

साक्षीदार १ : (सही) वकीलबाई

साक्षीदार २ : (सही) थोरला भाऊ, निवृत्त पोस्टमन. वाटणी काही नाही. सगळं ऐकलं. कलम ५ खरं आहे, चाक मी स्वतः फिरवून बघितलं. हा आज चालत आला होता आणि धापा खऱ्या होत्या.