गच्चीवरची रोपं आणि कालचा वारा

बाबा,

गच्चीवर जाण्याआधी हे वाचा. तुमच्या चाळीस टोमॅटोच्या रोपांपैकी अकरा वाचली आहेत. ती न्हाणीघरात आहेत. अंघोळ त्यांना विचारून करा. वरचा प्लास्टिकचा कागद शेजारच्या काकूंच्या टाकीने पांघरलाय.

काल संध्याकाळी मी रेडिओवर अख्ख्या विभागाला बजावलं, "वसंतातले जोरदार वारे सुटतील, सैल वस्तू बांधून ठेवा." मग घरी येऊन जेवलो आणि झोपलो.

त्याआधी दुपारी तुम्ही विचारलं होतंत, "कागद बांधू का रे?" मोबाइलमधून डोकं वर न काढता मी म्हणालो, "कशाला? झुळूक येईल." रेडिओवर हवामान सांगायच्या माझ्या दोन वर्षांच्या नोकरीत तुम्ही मला हवामान पहिल्यांदाच विचारलं होतंत.

सकाळच्या बातम्यांना निघालोय. आजही दिवसभर वारा आहे. हे मात्र अंदाज नीट वाचून सांगतोय.