उलटा शर्ट

प्रिय ताई,

तुझ्या खेळाची आमच्या शाळेने जी वाट लावली आहे, ती पाहून मला शिसारी आली आहे. कुणापाशी तरी ओकल्याशिवाय चैन पडणार नाही, आणि माझं ओकणं लहानपणापासून तूच निस्तरत आलीस.

समीकरणं माझ्या टाळक्यात शिरेनात, तेव्हा तू मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभं केलं होतंस, आठवतं? उंबरा म्हणजे बरोबरचं चिन्ह. मी अधिक पाच. उंबरा ओलांडताना शर्ट उलटा करून घालायचा, की झालो वजा पाच. आई कपाळाला हात लावायची. उलटा का, असं मी विचारलं, तेव्हा तू चिडली नाहीस. तराजू काढलास आणि दोन्ही पारड्यांतून पाच-पाच गोट्या उचलायला लावल्यास. त्या दिवशी मला गणित कळलं आणि आज त्यावरच पोट भरतोय.

आठवीच्या वर्गात मी तोच खेळ सुरू केला. पोरं खिदळायची, चुकायची, उलट्या शर्टांनीच घरी जायची. मग आनंददायी गणिताची स्पर्धा जाहीर झाली आणि हेडसरांच्या अंगात आलं. सुलट्या बाजूवर अधिक आणि उलट्या बाजूवर वजा छापलेले टी-शर्ट आले, कर्णे आले, नाच बसवायला एक बाई आल्या. गणित एकच ठरलं, एका संख्येत पाच मिळवले तर बारा. तेच रोज घोटून घेतलं. परवा तालमीत मी फळ्याला खडू टेकवलाही नव्हता, तोच सगळा वर्ग "सात!" म्हणून ओरडला. हेडसरांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांसमोर असाच जोर हवा, म्हणाले. किळस येते गं असल्या आनंदाची.

वर्गात एक मुलगी आहे. एका जागी टिकत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. पाचचा टी-शर्ट तिच्याकडे होता. त्याच तालमीत ती बरोबरच्या चिन्हाच्या रेषेवर मध्येच थांबली आणि म्हणाली, "पण सर, मी उलटी का होते? तिकडे जाऊन असं काय बदललं?" ताई, वर्षभर मी त्याच प्रश्नाची वाट पाहत होतो! मी तोंड उघडणार, एवढ्यात हेडसर गरजले, "हिला आधी बाहेर काढा!" स्पर्धेच्या दिवशी तिला घरीच बसायला सांगितलंय. तिनं गणवेशावरचा टी-शर्ट काढला, सुलटा केला आणि घडी घालून टेबलावर ठेवला. मी भांडलो, तर मला म्हणाले, खेळ खेळासारखा घ्या. काल ती वर्गात होती, पण एकदाही हात वर केला नाही.

आता हे पत्र का, ते सांगतो. गुरुवारी स्पर्धेला परीक्षक म्हणून तू येणार, हे हेडसरांना कळलंय. आज सकाळी चहा पाजून मला म्हणाले, "ताईंना दोन ओळी लिहा. आमच्या वर्गावर जरा लक्ष असू द्या म्हणावं." साहेबांचा हुकूम मोडवत नाही. तर ताई, आमच्या वर्गावर लक्ष असू दे. फळ्यावर पाचच्या जागी आठ लिही. पोरं तरीही "सात" ओरडतील. त्यांना रागावू नकोस, त्यांचा काय दोष? मग एक मुलगी कमी का आहे, ते विचार. नोकरीचं व्हायचं ते होवो, मी भिंगरीला दाराबाहेर उभं ठेवणार आहे. आपला जुना तराजू तुझ्याकडेच आहे ना? येताना तेवढा घेऊन ये.

तुझाच,
उंबऱ्यावरचा धाकटा