बातिना-आपांच्या हकीकतीतलं शेवटचं वाक्य

सोमवार, ६ जानेवारी
जेवण-केंद्र चालवणाऱ्या गुलजात-एजेंनी – एजे म्हणजे ताई – आज पाच नावं दिली. केंद्राचं जेवण घेणाऱ्या एकट्या म्हाताऱ्यांच्या हकीकती लिहून आणायच्या – देणगीदारांसाठी पुस्तक निघणार आहे. "तुझ्या लिहिण्यात चुका नसतात. पण जरा बोलतं कर रे त्यांना! नुसता कागद पुढे धरशील."
मी बोलतं करणार! खोलीवर आल्यापासून तोंड उघडलेलं नाही.

मंगळवार, १४ जानेवारी
चार झाल्या. बातिना-आपा उरल्या. वर्षभर मंगळवारी-शुक्रवारी त्यांचा डबा देतो, पण उंबऱ्याच्या आत आजच गेलो. चहा ओतत म्हणाल्या, "माझं नंतर. आधी तू कुणाचा ते कळू दे. सात पिढ्या सांग बघू."
सात पूर्वजांची नावं तर आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. मी नावं मनानेच जुळवली आणि घडाघडा म्हटली. आपा खोकला येईपर्यंत हसल्या. "अरे लबाडा, चौथं तर माझ्या सासऱ्यांच्या घोड्याचं नाव!"
कागद कोराच घेऊन परतलो.

बुधवार, १५ जानेवारी
बर्फ. कुणाशी बोललो नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी
खरं सांगून टाकलं. अनाथालयात वाढलो. बापाचं नाव तिथल्या कारकुनाने घातलं. सातवीनंतर शाळा सुटली. हे कुणाला पहिल्यांदाच सांगितलं.
आपांनी माझ्या वाटीत चहा ओतला – अर्धी वाटीच. आमच्यात काठोकाठ भरलेली वाटी म्हणजे पाहुण्याने आता निघावं.
मग त्या बोलल्या. मेंढ्यांमागे घाटात गेलेला मुलगा, वसंतात सापडलेले त्याचे बूट. दोन तास लिहीत होतो. शेवटी म्हणाल्या, "आणि लिही – मला एक नातू आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी येतो."
लिहिलं. वाचून दाखवलं. त्यांनी सही केली.

सोमवार, २० जानेवारी
एजे शेवटच्या ओळीवर थांबल्या. "नातू? नातेवाईक असला की जेवण बंद, नियम ठाऊक आहे ना? हे वाक्य खोड. नाहीतर यादीतून त्यांचं नाव खोडावं लागेल."
एकच ओळ. खोडली तर आपांचा डबा चालू राहील. पण सही त्यांची आहे! पेन उघडलं, मिटलं. दहा वेळा.

मंगळवार, २१ जानेवारी
आपांना सगळं सांगून विचारलं, "खोडू?"
"डब्यासाठी मी नातू खोडू होय? तुला नको असेल तर तू खोड."
डबा झाकलेलाच राहिला.

गुरुवार, २३ जानेवारी
वाक्य ठेवलं. आपांचं नाव यादीतून गेलं. नाव काढण्याच्या फॉर्मवर सांभाळणाऱ्या नातेवाईकाची सही लागते – मी केली.
उद्या शुक्रवार. मला तर साधा रस्साही करता येत नाही!