बसा, पण मागे टेकू नका

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (इतर वेळी आपण हा शब्द सवयीने लिहून मोकळे होतो, या खेपेस तो अक्षरशः खरा आहे. मी सतरंजीवर पालथा पडून लिहितो आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला, की तुला उत्तर द्यायची वेळ आली की अजून येतो? तुझ्याकडे नवा सोफा आल्याचं आईकडून कळलं. अभिनंदन. सोफ्याकडे मी वळणार आहेच, पण आधी घरची बातमी.

तुझ्या भाचीने लग्न ठरवलं. म्हणजे तिने आणि मुलाने ठरवलं, आम्हाला कळवलं. मुलगा पंपांच्या कारखान्यात आहे, शांत आहे, आणि माझ्या विनोदांना हसतो (यावरून तो शहाणा आहे की मतलबी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही). घरी फक्त आई. आणि इथे मेख आहे. बाई पाठदुखी-मानदुखीवर व्यायाम देणाऱ्या आहेत, स्वतःचा दवाखाना आहे, आणि तुझी भाची सांगते की त्या माणसांचे चेहरे विसरतात पण पाठी विसरत नाहीत. माणूस कसा बसतो यावरून तो कसा आहे हे त्यांना कळतं म्हणे. त्या आम्हाला भेटायला येणार होत्या. त्या नको म्हणाल्या असत्या तरी मुलगा लग्नाला तयार होता. आपली पोरगी तयार नव्हती. कुणाला नाराज करून त्यांच्या घरात जाणार नाही, असं तिने एकदाच सांगितलं आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, फक्त दोन गोष्टी करा. विनोद करू नका, आणि नीट बसा."

आता नीट बसायचं कशावर, हे तुला वेगळं सांगायला नको. आमच्या बाहेरच्या खोलीत विकत घेतलेलं आसन एकही नाही. तुझ्याकडे नवं आलं की जुनं "चांगलं आहे गं, टाकवत नाही" या प्रमाणपत्रासह आमच्याकडे येतं. हातांची खुर्ची दिसते भारदस्त, पण तिची पाठ नुसती लावून ठेवलेली आहे. तिच्यावर बसता येतं, टेकता येत नाही. (तुझी भावजय वर्षानुवर्षं तिच्यावर बसते. न टेकता बसते म्हणून लोक तिला करारी समजतात. करारी कसली, टेकली तर पडेल.) माझ्या खुर्चीचा एक पाय आखूड, त्यामुळे मी उजवा पाय जमिनीत रोवून, स्कूटरचा ब्रेक दाबल्यासारखा बसतो, आणि आता पलंगावर निजलो तरी तो पाय दाबलेलाच राहतो. वेताच्या खुर्चीत माणूस बसत नाही, पडतो. बाहेर काढायला दोघे लागतात. सोफ्याचा डावा कोपरा तेवढा जिवंत आहे, आणि तो आईचा आहे. उरलं ते डगमगतं गोल स्टूल. त्यावर तुझ्या भाचीने शाळेपासून अभ्यास केला, कारण त्यावर बसायला दुसरं कुणी धजावत नव्हतं.

तिने आमची तालीम घेतली. पाऊल पूर्ण जमिनीला, गुडघे कंबरेच्या रेषेत, पाठ टेकलेली, खांदे सैल, हनुवटी ना वर ना खाली. शास्त्र म्हणून उत्तम. अडचण एवढीच की आमच्या खुर्च्यांवर जो शास्त्राप्रमाणे बसेल तो आधी पडेल. मी दोन्ही पावलं टेकवली की कलंडत होतो; तुझी भावजय पाठ टेकवायच्या नुसत्या विचाराने पांढरी पडत होती. शेवटी टेकल्यासारखं दिसायचं पण टेकायचं नाही, असा मधला मार्ग निघाला. तो करून बघ, पोटाला भलतेच कष्ट पडतात. आई कोपऱ्यातून बघत होती. फोटो काढायला बसलात का, म्हणाली. मग विषय निघाला की पाहुण्यांना एकमेव सुरक्षित जागा, म्हणजे तो कोपरा, द्यावा लागेल. आईने ऐकू न आल्याचं दाखवलं. पुन्हा सांगितल्यावर म्हणाली, नातीसाठी मी जीव देईन, कोपऱ्याचं बघू.

बाई आल्या. बुटक्या, चपळ, हातात भलीमोठी पिशवी. नमस्कार आम्हाला केला, पण नजर खुर्च्यांवरून फिरली. आम्ही त्यांना कोपरा दाखवला. सोफ्यावरचा खळगा त्यांनी पाहिला, आईकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ही तर यांची जागा दिसते, मी कशी घेऊ. आई तत्क्षणी बसली. (तिला इतकं चपळ मी अलीकडे पाहिलेलं नाही.) बाई हातांच्या खुर्चीकडे वळल्या. आम्ही तिघेही एकदम धावलो. मी आधी पोचलो आणि पाहुण्यांच्या आधी स्वतः बसलो. माझ्या संस्कारांबद्दल त्यांचं मत तिथेच झालं असणार. मग त्या वेताच्या खुर्चीत बसल्या, म्हणजे गेल्या. गुडघे हनुवटीला आले.

नंतरचा काळ कठीण होता. आम्ही ताठ बसलो होतो, पण बोलायचं तर श्वास घ्यावा लागतो आणि श्वास घेतला तर तोल जातो, म्हणून कुणीच बोलत नव्हतं. मुलगा घामाघूम झाला. आम्हाला स्थळ पसंत नाही असं त्याला वाटत होतं. तुझी भाची स्टुलावर बसून माझ्याकडे असं बघत होती की मला माझा जन्म आठवला. तेवढ्यात वेताच्या तळातून बाईंचा आवाज आला, "तुमच्याकडे सगळे असेच बसतात, की मी आल्यामुळे शिक्षा झालीये?"

ताई, मी विनोद करायचा नव्हता. समोरच्यांनी केला तर काय करायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी मनापासून हसलो आणि मागे टेकलो.

आधी पाठ गेली, पाठोपाठ मी. बाई मदतीला धावणार होत्या, पण त्यांना आधी मुलाने आणि तुझ्या भावजयीने ओढून बाहेर काढावं लागलं. मग त्यांनी मला पालथा घातला, मणका न् मणका दाबून पाहिला, काही मोडलेलं नाही म्हणाल्या, आणि माझ्याशेजारी जमिनीवरच मांडी घातली ती उठल्याच नाहीत. सगळ्यांना खाली बोलावलं. आईखेरीज सगळे आले. जमिनीवर बसल्यावर, ताई, आमच्या घराला कंठ फुटला. तुझी भावजय एकेका खुर्चीचा गुन्हा सांगू लागली आणि बाई डोळे पुसत हसू लागल्या. तारीख तिथेच ठरली. बोलणी मोठ्यांची झाली, पण माझ्या पाठीवर शेकायची पिशवी होती आणि तोंड सतरंजीकडे, त्यामुळे मी फक्त "हो" म्हणालो. असा वधूपिता हवा, असं बाई म्हणाल्याचं कळतं.

बाकी क्षेम. भाऊजींना नमस्कार. तू स्वतःची पाठ सांभाळ.

तुझा,
पालथा भाऊ

ता. क. पत्र खरं तर यासाठी होतं: जुना सोफा रविवारच्या टेम्पोने पाठवतेस असं आईने सांगितलं. पाठवू नकोस. तुझी माया कळते, पण तिच्यावर आणखी बसणं मला झेपायचं नाही.

ता. क. दुसरा. तुझ्या भाचीने वरचं वाचलं आणि ती फणकारली, मुख्य गोष्टच मी गाळली म्हणून. बाईंनी निघताना तिला विचारलं होतं, अशी पाठ कुठे कमावलीस. ती सगळा वेळ स्टुलावर सरळ आणि सैल बसली होती. त्यावर जरा गाफील राहिलं तर माणूस पडतोच. अशाच डगमगत्या गोष्टींवर बाई आपल्या रोग्यांना मुद्दाम बसवतात म्हणे. लग्नात काही नको म्हणाल्या, फक्त हे स्टूल दवाखान्याला द्याल का. पोरगी सोडायला तयार नाही. तेव्हा तुझ्याकडे असं आणखी काही मोडकं असेल तर सोफ्यासकट परस्पर त्यांच्याच पत्त्यावर पाठव. पत्ता पाकिटाच्या मागे लिहिला आहे.

ता. क. तिसरा. आई विचारते आहे, तुझ्या सोफ्याचा डावा कोपरा कसा आहे. शाबूत असेल तर टेम्पो आधी इकडेच.