विहीणबाईंना एवढंच सांगायचं होतं

ती. दादास,

धाकट्या बहिणीचा बसल्या बसल्या नमस्कार (वाकले तर उठवायला घरात रिकामं कोणी नाही). तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनी पथ्य पाळते का, की तिच्या वाटचं गोड तूच संपवून तिला मदत करतोस? माझं म्हणशील तर हे पत्र तुला रविवारच्या आत पोचायला हवं, म्हणून अक्षर असं कोंबडीच्या पायाचं. रविवारी काय ते सांगते, पण क्रमाने. शेवटाकडे उडी मारू नकोस. मला मेलीला ती मारता येत नाही, म्हणूनच सगळा घोळ झाला.

सूनबाई युक्रेनची, हे तुला माहीत आहेच. तिचे दिवस भरत आले आणि माझा लेक, आपला बोटीवरचा इंजिनियर, नेमका भर समुद्रात, तेव्हा तिच्या आईला बोलावून घ्यायचं ठरलं. विहीणबाईंना ना मराठी येते, ना हिंदी, ना इंग्रजी. सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही नुसतं हसा, बोलायचं मी बघते." आता मला गप्प बसवणं म्हणजे बेडकांची मोट बांधणं. दोन बायका एका छपराखाली आणि नुसत्या हसताहेत, लोक काय म्हणतील? मी शेजारणीकडून फोनमध्ये युक्रेनी शिकवणारे धडे भरून घेतले आणि सुनेच्या नकळत शिकायला लागले. दिवसभर मशीनवर लोकांच्या विजारी आखूड करायच्या, कानात ती बोंडं खुपसायची आणि आतले मास्तर म्हणतील ते म्हणायचं. मास्तर एक वाक्य म्हणतात, मग आपण म्हणावं म्हणून जरा थांबतात, मग पुढचं. (फार सोशीक माणूस. मी चुकले तरी कधी आवाज चढवला नाही.)

आता माझी विद्या तुला ठाऊक आहे, सगळी घोकून मिळवलेली. सात साते विचारलंस तर मला आजही सात एकेपासून निघावं लागतं. युक्रेनीही तशीच चढली. "दोब्री देन", म्हणजे नमस्कार, इथून सुरुवात केली की गाडी घरंगळत जाते: मी प्रवासी आहे, संग्रहालय कुठे आहे, डावीकडे आहे, कॉफीत दूध हवं का, माझी बॅग जड आहे, आज हवा छान आहे. घरच्या माणसांचा धडा पार शेवटी. मधूनच एखादं वाक्य काढ म्हटलं तर कप्पाळ! आणि मास्तर थांबतात तेवढं थांबणंसुद्धा माझ्यात मुरलेलं.

विहीणबाई आल्या. मी हसले, त्या हसल्या. दुसऱ्याच दिवशी न्याहारी करताना सूनबाईच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पाय सुजून भोपळे झालेले. टॅक्सीत घालून हॉस्पिटलात नेलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तदाब फार चढलाय, आत्ताच्या आत्ता ऑपरेशन. मी विचारलं, "दोघंही वाचतील ना?" त्या म्हणाल्या, "प्रयत्न करतो." दादा, प्रयत्न करतो हे आपण गिऱ्हाइकाला कधी सांगतो, तुला ठाऊक आहे.

आमची दुभाषी स्ट्रेचरवरून आत गेली आणि दार मिटलं. बाहेर बाकावर आम्ही दोघी. विहीणबाईंच्या फोनला इथलं सिम नाही. माझ्या फोनने केव्हाच मान टाकलेली, कारण टॅक्सीतसुद्धा मी पुढचे धडे रेटत होते. विहीणबाईंच्या मांडीवर लेकीचा स्वेटर. त्याची बटणं लावायची, काढायची, पुन्हा लावायची. एक सैल झालं होतं. माझ्या पदराला सुई-दोरा कायम टोचलेला असतो, मी ते तिथल्या तिथे टाचून दिलं. त्यांनी माझा हात दाबला आणि पुन्हा बटणं सुरू. दाराकडे बघायचं धाडस दोघींत नव्हतं.

शेवटी दार उघडलं. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं (भाषा कळणारी मी एकटी). मुलगी झाली. वजन चिमणीएवढं, म्हणून काचेच्या पेटीत ठेवलीय, पण रडतेय दणकून. सूनबाईही सुखरूप. हे ऐकलं मात्र, माझे डोळे फितूर झाले. मी हुंदके देत वळले आणि विहीणबाईंनी ते पाहिलं.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. स्वेटर खाली पडला. मी हसायला गेले तर आणखीच रडू फुटलं. रडणारी, दात दाखवणारी म्हातारी बघून कोणाला काय वाटेल? नर्सबाई येऊन काहीतरी बोलल्या, ते त्यांना कळलं नाही. आता मीच बोलायला हवं होतं. मी डोळे मिटले आणि म्हटलं, "दोब्री देन!"

मी प्रवासी आहे म्हणाले. थांबले. संग्रहालय कुठे आहे म्हणाले. थांबले. विहीणबाईंनी माझा दंड गच्च पकडला, "दोन्का? दोन्का?" म्हणजे माझी लेक, माझी लेक. अगं बाई, तिथेच तर निघालेय! पण धागा तुटला. पुन्हा दोब्री देन! नर्सबाई म्हणाल्या, "आजी, पाणी आणू का?" झालं, तिसऱ्यांदा दोब्री देन! विहीणबाईंचे ओठ निळे पडायला लागले होते, आणि मी त्यांना विचारतेय कॉफीत दूध हवं का. घामाने पोलकं भिजलं. बॅग जड आहे. हवा छान आहे. हे माझे वडील, ही माझी आई, हे माझं घर, ही माझी मुलगी, आणि मग एकदाचं आलं बघ, "व्से दोब्रे". सगळं ठीक आहे. तेच शेवटचं वाक्य. पुढे मला काही येत नाही, म्हणून तेच म्हणत राहिले. विहीणबाई मटकन खाली बसल्या, मग मीही बसले, आणि हॉस्पिटलाच्या फरशीवर गळ्यात गळा घालून आम्ही जो सूर लावला, तो ऐकून नर्सबाईंनी आम्हाला कँटीनमध्ये हाकललं.

आता मायलेकी बऱ्या आहेत. वहिनीला नमस्कार, घरातल्या पोराटोरांना गोड पापे.

तुझी,
धाकटी

ता. क. सूनबाई शुद्धीवर आल्यावर विहीणबाईंनी तिला विचारलं म्हणे, तुझ्या सासरी आनंदाची बातमी नेहमी अशीच सांगतात का? आधी प्रवास, मग संग्रहालय, मग कॉफी? त्यांना वाटलं, आपल्यात ही रीत आहे. मी काही खोडून काढलं नाही.

ता. ता. क. तिकडे परतायला त्यांचं घर जागेवर आहे की नाही, हे त्यांनाच ठाऊक नाही. त्या इथेच राहतील. तू दर हिवाळ्यात येऊन राहतोस ती मागची खोली मी त्यांना दिली. म्हणजे तुला विचारून देणार होते, पण सामान लागलं. तुझी खाट हॉलमध्ये, माझ्या मशीनशेजारी टाकलीय. तरी परवानगी स्वतः मागायची, असा त्यांचा हट्ट आहे. मी त्यांना मराठी शिकवली आहे, त्याच धड्यांची, त्याच क्रमाने. रविवारी फोन येईल. संग्रहालय कुठे आहे विचारलं तर सांग, कॉफीचंही सांग, पण मध्ये तोडू नकोस. खोलीचं अगदी शेवटी आहे. आणि तू काय उत्तर देणार ते तुझं तू बघ, फक्त 'नाही' हा शब्द मी त्यांना अजून शिकवलेला नाही.