तेवीस गाणी, अठरा मिनिटं

४ मार्च, मंगळवार

आज सकाळी एकच तबकडी लागोपाठ तीनदा ऐकली. कामासाठी एकदा पुरते. दुसऱ्यांदा लावली ती खात्री करून घ्यायला, असं स्वतःला सांगितलं. तिसऱ्यांदा काही निमित्त सापडलं नाही. तरी लावली.

तेवीस गाणी, अठरा मिनिटं. सगळी एकाच बाजूवर – दुसरी बाजू कोरी, गुळगुळीत. सर्वांत लांब गाणं दीड मिनिटाचं, सर्वांत लहान नऊ सेकंदांचं. फॉर्मवर प्रकार लिहिलाय 'ग्राइंडकोर'. ड्रम असे वाजतात, जसे पत्र्यावर टोपलीभर दगड ओतावेत आणि टोपली कधी रिकामीच होऊ नये. गाणारा गात नाही. पोटातून काहीतरी उपसून बाहेर फेकतो.

काचेबाहेरून तबकड्या छापायच्या प्रेसवरची ताई बघत होती. हातानंच विचारलं, डोकं उठलं का महाराज? कामाआधी मी दोन मिनिटं डोळे मिटून देवाचं नाव घेतो, म्हणून कारखान्यात मी 'महाराज'. मी मान हलवली. डोकं उठलं नव्हतं. उलट दोन वर्षांत पहिल्यांदा एखादं संगीत मला अख्खं ऐकू आलं!

या वहीत लिहायला हरकत नाही. माझा डावा कान गेलाय. उजवा वरचे सूर सोडायला लागलाय. व्हायोलिन म्हणजे नुसता हलणारा हात. बायका गातात तेव्हा निम्मे शब्द गायब. आणि माझं काम काय? नमुन्याची तबकडी ऐकायची आणि 'निर्दोष' म्हणून सही करायची. माझी सही झाली की बाकीच्या पाचशे छापतात.

५ मार्च

मग दोन वर्षं काम कसं केलं? डोळ्यांनी. तबकडी दिव्याखाली तिरकी धरली की रेघा चमकतात. टाचणीच्या डोक्याएवढा फुगवटा असला तरी दिसतो. बावीस वर्षांची नजर आहे. एकही चूक झालेली नाही. म्हणूनच कोणाला सांगितलं नाही.

हे खरं नाही. घाबरलो म्हणून सांगितलं नाही. ही खुर्ची गेली तर मी कोण?

पण ही तबकडी नजरेला दाद देईना. आवाज इतका ठासून भरलाय की सगळी नांगरलेल्या शेतासारखी. ढेकूळ कुठलं आणि खडा कुठला, कसं ओळखायचं?

तरी सही केली.

८ मार्च

थोरल्या लेकीला सांगितलं की मला ग्राइंडकोर आवडलं. ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवली आणि इतकी हसली की तिची आई बाहेरून आली. बाबांची तब्येत बरी आहे ना, असं तिनं आईला विचारलं. आई म्हणाली, आता या वयात काय ऐकायचं ते ऐकू दे, निदान बाहेर तरी जात नाहीत.

मग थोरलीनं नीट विचारलं, त्यात आवडण्यासारखं काय आहे? मला पटकन सांगता आलं नाही. म्हणालो, ते लोक वेळ खात नाहीत.

१२ मार्च

गाण्यांचा छापील कागद मागून घेतला. ऐकताना एक शब्द कळत नाही, पण कागदावर सगळं साधं आहे. घरमालकानं पाणी तोडलं – चौदा सेकंद. आईला खाटेवरून उचलताना तिचं वजन लागलंच नाही – एकवीस सेकंद. त्या नऊ सेकंदांच्या गाण्यात फक्त एक ओळ आहे: 'दार उघड, मी आहे.'

हेच कुणी गोड चालीवर पाच मिनिटं म्हटलं असतं तर मी मान डोलावली असती आणि विसरलो असतो. इथे मान डोलवायला फुरसतच नाही. दुखतं, ओरडतो, थांबतो. मग क्षणभर शांतता – आणि ती शांतता काय असते! पुढचं गाणं सुरू होईपर्यंत मी श्वास धरून बसतो.

गावच्या शाळेत प्रार्थनेला आम्ही मुलं फार लांबण लावायचो. गुरुजी म्हणायचे, देवाकडे काय मागायचं ते लवकर मागा रे, मागे रांग आहे. तेव्हा हसायचो. हल्ली माझ्या प्रार्थनेत नुसते शब्दच शब्द असतात. कानाचं सोडून बाकी सगळ्यांबद्दल बोलतो. कानाचं देवालाही सांगितलेलं नाही.

या पोरांना मी काय समजलो होतो? देवाधर्माचं काही नसलेली, आरडाओरडा करणारी. आता वाटतं, संकटातला माणूस देवाला हाक मारतो ती अशीच असेल. चालीत नसेल.

१९ मार्च, बुधवार

तक्रार आली. पाचशेच्या पाचशे तबकड्यांत अकराव्या गाण्यापासून टकटक आहे. तबकडीच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. चौदाव्यापर्यंत.

फॉर्म काढून पाहिला. खाली माझीच सही.

गाणारा स्वतः आला होता. मला वाटलं होतं, अंगभर गोंदवलेला कोणी धटिंगण असेल. चष्मा लावलेला, बारीक, लहान मुलांच्या शाळेत शिकवतो. चिडला नव्हता. म्हणाला, आधी आम्हाला वाटलं आमच्या ड्रमवालीचाच काही प्रकार आहे, तिलाही तसंच वाटलं! मग दुसऱ्या मशीनवर लावून पाहिलं. मी त्याला सांगितलं की मला तुमची गाणी फार आवडली. त्याच्या वडिलांनी तिसऱ्या गाण्याच्या पुढे कधी ऐकलेलं नाही म्हणे.

मी विचारलं, इतकं थोडक्यात का?

"जेवढं होतं तेवढंच होतं," तो म्हणाला.

२० मार्च

ताईला ताकीदपत्र मिळालं. तिसरं. आधीची दोन उशिरा आल्याबद्दल होती – तिची आई अंथरुणावर आहे, तिला सगळं करून यावं लागतं. तिसऱ्या पत्रानंतर काढून टाकतात. सोमवारी दहा वाजता मॅनेजरपुढे सुनावणी.

हिशोब सरळ आहे. नमुना निर्दोष होता, तशी सही आहे. म्हणजे दोष नंतर आला. म्हणजे तिनं तबकड्या छापायचा साचा प्रेसमध्ये बसवताना त्याच्यामागे कचरा राहिला.

ताई माझ्या डब्याशेजारी येऊन बसली. थट्टा नाही, काही नाही. म्हणाली, मी साचा तीनदा पुसते महाराज, पण आता माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही. त्या सकाळी आईचा फोन आला होता, तेव्हाच हात चुकला असेल.

तिला वाटतंय तिचं चुकलं! मी डबा बंद केला. म्हणालो, देव बघून घेईल.

हे मी म्हणालो. मी.

२१ मार्च

नमुन्याची तबकडी घरी आणली. थोरली कामावरून आल्यावर लावली आणि म्हणालो, मला काही विचारू नकोस, फक्त ऐक, आणि टकटक आली की बोट वर कर.

दहा गाणी ती तोंड वेडंवाकडं करत बसली होती. अकरावं लागलं. बोट वर. खाली. वर. खाली. घड्याळासारखं. मी तिचं बोट बघत होतो आणि मला फक्त गाणं ऐकू येत होतं. तेच, पूर्वीचं, अख्खं वाटणारं गाणं.

नमुन्यातच दोष होता. नमुना निघतो तो साचा ताईच्या हातात जायच्या आधी, म्हणजे साचा आला तोच तसा. ताईच्या हाताचा काही संबंध नाही.

थोरलीनं तबकडी थांबवली. मग माझ्या डाव्या बाजूला येऊन बसली आणि बहुतेक काहीतरी बोलली. मी तिच्याकडे वळेपर्यंत तिचे डोळे भरले होते.

"कधीपासून, बाबा?"

सांगितलं. ती एकदाही रागावली नाही. आईला कळू द्यायचं का, एवढंच विचारलं. म्हणालो, ती बाहेरच्या खोलीतून सगळं ऐकत असेल, तिचे कान उत्तम आहेत.

२२ मार्च

मॅनेजरसाठी पत्र लिहायला बसलो. चार पानं झाली. कानाचा आजार, बावीस वर्षांची नोकरी, घरची परिस्थिती, डॉक्टरांकडे न जाण्याची कारणं. वाचून पाहिलं. ताईचं नाव चौथ्या पानावर आलं होतं.

फाडलं.

२३ मार्च

देवापुढे बसलो. आज फार वेळ लागला नाही.

२४ मार्च, सोमवार

दहाला पाच कमी असताना केबिनमध्ये गेलो. ताई आधीच उभी होती. बसलो नाही. म्हणालो – मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. नमुन्यातच दोष होता, मी न ऐकता सही केली. हिची काही चूक नाही.

संपलं.

मॅनेजर काहीतरी बोलले. बराच वेळ बोलले. दोन वर्षं अशा वेळी मी मान डोलावत आलो.

"पुन्हा सांगता का?" मी म्हणालो. "मला ऐकू आलं नाही."