सासूबाईंची जीभ

मंगळवार, ४ नोव्हेंबर

"मीठ कमी." झालं! पहिला घास अजून घशाखाली उतरला नव्हता, तोवर निकाल जाहीर. मी म्हटलं, मिठाची बाटली समोरच आहे, आई. तर म्हणे, "बाटली समोर आहे म्हणून रांधणाऱ्याने डोकं बाजूला काढून ठेवायचं का?" नवरा पेपरात तोंड खुपसून बसला. अशा वेळी त्याला हमखास अग्रलेख सापडतो.

पण आजची खरी बातमी ती नाहीच. संध्याकाळी चष्म्याच्या दुकानातलं काम आटपून आले, हातपाय धुतले आणि ती कोरियन मालिका लावली. खाण्यापिण्याची आणि प्रेमाची. दुकानातली काउंटरवाली रोज तिचंच पुराण लावते. लावली मात्र, सासूबाई येऊन शेजारी बसल्या! टीव्हीला आजवर 'दळण' याशिवाय ज्यांनी नाव दिलं नाही, त्या! म्हणाल्या, "खालची अक्षरं पळतात. तू वाचून दाखव."

मी थक्क. दोन भाग वाचून दाखवले. घसा बसला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

चार भाग झाले. गोष्ट अशी — एक मुलगी चिंचोळ्या गल्लीत छोटीशी खाणावळ चालवते. नायक हॉटेलांवर जळजळीत लिहिणारा. त्याच्याच लेखामुळे पूर्वी तिच्या बापाचं हॉटेल बुडालं. तिला हे माहीत नाही, आणि हा पठ्ठ्या सांगत नाही! एक वाक्य बोलला असता तर मालिका दुसऱ्या भागात संपली असती. सगळा डोलारा असा एका न बोललेल्या वाक्यावर उभा. मला हे पटत नाही. इतकं मोठं गुपित पोटात ठेवून माणूस रोज समोर बसून जेवेल का?

आणि ते केस! भट्टीसमोर मोकळे केस सोडून कोण उभं राहतं? मी चष्म्याच्या काचा घासायला बसतानासुद्धा अंबाडा घालते. भांडी कोण घासतं तेही कधी दाखवत नाहीत. ढीगभर ताटं वाढली जातात आणि पुढच्या दृश्यात ओटा लख्ख!

पण चांगलं आहे ते फार चांगलं आहे. सुरीचा आवाज. रस्सा उकळताना कुणी बोलत नाही, नुसता बुडबुड आवाज. आणि मासळीवाली मावशी — तिच्या भांडणात जेवढं प्रेम आहे तेवढं नायकाच्या सगळ्या भाषणांत मिळून नाही.

सासूबाईंचं मत वेगळंच. "भांड्यावर काय कॅमेरा लावून बसलेत? खाणाऱ्याचं तोंड दाखवा की!" मग प्रत्येक पदार्थाला मला प्रश्न, "सांग बघू, कसं लागत असेल?" मी म्हटलं, आधी लसणाचा वास येईल. "पुढे?" थोडं धुरकट. "आणि पुढे?" तोंडी परीक्षाच! सासूबाई बिस्किटांच्या कारखान्यात चाखणी विभागात होत्या. त्यांनी मान हलवल्याशिवाय माल बाहेर पडत नसे म्हणतात. सासरे गेल्यावर नोकरी सोडली, पण नात्यागोत्यात त्यांची जीभ म्हणजे अजून शेवटचं कोर्ट. आणि त्या मला विचारतात! जोखतायत मला, दुसरं काय.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज नायक-नायिका पहिल्यांदा जवळ आले. मी संकोचून रिमोट शोधत होते. सासूबाई म्हणाल्या, "एवढे भाग घालवले आणि नुसतं कपाळाला कपाळ? राहू दे, पुढे बघू."

माझ्या हातून रिमोट पडला!

मंगळवार, ११ नोव्हेंबर

दूध करपलं. मी फोनवर होते. जिन्यापर्यंत वास! आणि सासूबाई स्वयंपाकघरातच, गॅसकडे पाठ करून शेंगा सोलत बसलेल्या. हात लांब केला असता तरी पोचला असता. "मला काय सांगायला ठेवलंयस?" म्हणे. मुद्दाम! निव्वळ मुद्दाम. भांडं घासता घासता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुराने नव्हतं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

नवऱ्याची आत्या आली होती. मी दुकानातून अर्धी रजा काढली, चार पदार्थ केले. आत्याबाई बोटं चाटत होत्या. आणि सासूबाई मधेच म्हणाल्या, "करते बिचारी. पण हाताला चव असावी लागते, ती शिकून येत नाही."

सगळे हसले. मीही हसले! कुठून हसले देव जाणे.

नवऱ्याला आत बोलावून सांगितलं — आपण वेगळं राहायचं. दोन खोल्या बघितल्यात मी, दुकानाच्या मागे. तो म्हणाला, "आई एकटी राहील?" मी म्हटलं, राहतील की, ठणठणीत आहेत. स्वतःचं स्वतः करतील, त्यालाच चव येईल! तो हत्यारांची पिशवी भरायला लागला. मग म्हणाला, "कामावरून परत आलो की बोलू." उद्या तो बाहेरगावी लिफ्ट बसवायला चाललाय.

या वेळी मी मागे हटणार नाही. मालिका लावली नाही. सासूबाई दारात दोनदा डोकावून गेल्या.

शनिवार, १५ नोव्हेंबर

अक्षर बघ कसं वाकडंतिकडं आलंय.

संध्याकाळी दार उघडलं आणि वासाचा भपकाराच आला. गॅस! थंडी म्हणून खिडक्या सगळ्या लावलेल्या. टीव्ही चालू. सासूबाई आरामात बसलेल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आलीस? मीच लावून ठेवली बघ. बस, चहा टाकते." — आणि उठून ओट्याकडे गेल्या. हातात लायटर!

मी किंचाळले. काय किंचाळले आठवत नाही. धावत जाऊन लायटर हिसकावला, त्यांना अक्षरशः ढकललं. ओट्यावर भाजीचं पाणी उतू गेलेलं, ज्योत विझलेली, बटण तसंच चालू. बटण बंद केलं, सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या. टीव्हीच्या बटणाकडे हात गेला आणि मागे घेतला — ठिणगी! तसाच चालू सोडला. त्यांना दंडाला धरून जिन्यात नेऊन बसवलं.

"सासूच्या अंगावर हात टाकतेस?" त्या लाल झालेल्या.

"आई, घरभर गॅस आहे! वास नाही आला तुम्हाला?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग पदर नाकाला लावला. उशिरा. मी लावला होता ते बघून.

"सर्दी झालीय," म्हणाल्या.

सर्दी नाहीये त्यांना! सकाळपासून एक शिंक नाही.

आत टीव्हीवर ती मुलगी हसत कुणालातरी वाढत होती. आम्ही दोघी पायरीवर, अनवाणी. एक सेकंद — एक सेकंद उशीर झाला असता तर!

रविवार, १६ नोव्हेंबर

सकाळी चहा दिला. म्हटलं, आई, खरं सांगा.

त्यांनी कप खाली ठेवला. "नाही येत वास."

"अजिबात?"

"अजिबात. खारट, आंबट, गोड, कडू एवढं जिभेला कळतं. तिखट झोंबतं. बाकी सगळं ओल्या कागदासारखं. हा चहा आहे की गरम गोड पाणी, तू सांगितलंस म्हणून चहा."

ही जीभ! सगळ्या गोताला जिचा धाक! कुणाच्या लग्नात आचाऱ्याने काय बिघडवलं ते पहिल्या घासाला सांगणारी!

"मग लोकांना सांगता कसं?"

"तोंडं बघते खाणाऱ्यांची. सगळं कळतं तोंडावरून."

"आणि मला? माझ्या हाताला चव नाही म्हणालात, आत्याबाईंसमोर!"

"ती मला विचारणार होती. कसं झालंय म्हणून. तिने विचारायच्या आत काहीतरी बोलणं भाग होतं."

मला इतका राग आला! आणि त्याच वेळी हसूही आलं. आणि मग लक्षात आलं — मी या बाईला एकटीला सोडून निघाले होते. बंद खिडक्यांच्या घरात, गॅसच्या शेगडीसोबत.

"त्याला सांगू नकोस," म्हणाल्या. आजवर त्यांनी मला हुकूम केलेत, टोमणे मारलेत. विनवणी पहिल्यांदा. "तो मला ओट्याजवळ उभी राहू देणार नाही. मग मी या घरात काय करू? भिंतीवरच्या घड्याळासारखी बसू?"

मी वचन दिलं नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

नवरा आला. सांगितलं. सांगावंच लागलं.

आधी हसला! "आईची जीभ? काहीतरीच काय!" मग मी लायटरचं सांगितलं. जिन्याचं सांगितलं. तो पांढराफटक पडला, उठून आईच्या खोलीत गेला. दाराआडून ऐकू आलं, "मला का नाही सांगितलंस गं?" आणि त्यांचा आवाज, "तू कधी विचारलंस का?"

बाहेर आला तेव्हा डोळे पुसलेले होते. त्या दोन खोल्यांचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. मी दुकानातून खोलीमालकाला फोन करून नको म्हणून कळवलं.

गॅसचा वास आला की कोकलणारं यंत्र बसवून घेतलं. सासूबाई म्हणाल्या, "माझ्यापेक्षा हे डबडं हुशार!" पण ओटा त्यांच्याकडेच राहिला. त्यावर मीच अडून बसले. कशी अडून बसले, माझं मलाच नवल!

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ मिळालीय.

शनिवार, २२ नोव्हेंबर

मालिका संपली! सोफ्यावर तिघं. नवऱ्याला आम्ही दोघींनी मिळून मागची गोष्ट सांगितली, एकमेकींचं बोलणं तोडत.

शेवट फसलाय. साफ फसलाय. बापाचं हॉटेल बुडवणाऱ्याला एका वाटीभर सुपावर माफी? नायकामागे लागलेली ती दुसरी बाई सगळी मालिका कारण नसताना दुष्ट, आणि शेवटच्या भागात कारण नसताना चांगली! मधले दोन भाग नुसते छत्र्या घेऊन चालण्यात गेले. एका कॉफी यंत्राची तर इतकी जाहिरात, की तेच नायक वाटावं.

पण एक दृश्य! बाप लेकीच्या खाणावळीत गुपचूप येतो, कोपऱ्यात बसून जेवतो. ती पडद्यामागून बघते. दोघं काही बोलत नाहीत. तो शेवटचं शीत उचलून खातो आणि पैसे न देता निघून जातो — घरचा असल्यासारखा. एवढ्यासाठी बाकी सगळं माफ.

मी खालची अक्षरं वाचायची थांबले होते. वाचायला काही नव्हतंच. मग मीच हळूच सांगत गेले — आता वाफ आलीय, तिळाचा वास असेल, भाजलेल्या. आता तळाशी आल्याचा. सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. नवरा आमच्याकडे असा बघत होता, जणू दोन अनोळखी बायका घरात येऊन बसल्यात.

सोमवार, २४ नोव्हेंबर

डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून?

मला वाटलं, म्हणतील वर्षभर. फार तर दोन.

"मोटारसायकलवरून पडलो तेव्हापासून," सासूबाई म्हणाल्या. "हे जागीच गेले. माझं नुसतं डोकं आपटलं. घरात सगळे रडत होते, त्यात मी वासाचं काय सांगणार?"

नवऱ्याने खुर्चीचा हात घट्ट धरला.

सासरे गेले तेव्हा माझं लग्न ठरलंसुद्धा नव्हतं.

म्हणजे — मी या घरात आल्यापासून, पहिल्या दिवसापासून — माझ्या हातच्या जेवणाची चव आईंना माहीतच नाही!